कपाटाला कुलूप कुणी लावायचं? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न: ताई, मुलगी गेल्या ऑगस्टपासून अमेरिकेत एमएस करतेय. टॅलाहासीच्या फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत गोळीबार झाला तेव्हा तिचं ॲडमिशन नुकतंच झालं होतं, बायको म्हणत होती पाठवूच नका. पाठवलं. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. गोळ्या झाडणाऱ्या मुलाचे विचार किती टोकाचे आहेत हे ओळखीच्या पोरांना माहीत होतं असं वाचलं, आणि पिस्तूल तर पोलिसातल्या घरच्याच माणसाचं. मग जबाबदार कोण, तो एकटाच?

उत्तर: काका, गोळी झाडणारा जबाबदार, त्यात वाद नको, त्याचं कोर्ट बघेल. पण तुम्ही विचारताय ते त्याच्या पुढचं आहे आणि ते विचारायलाच हवं.

१७ एप्रिल २०२५ ला तिथे दोन माणसं गेली, दोघंही विद्यार्थी नव्हती, आणि सहा जण जखमी झाले. आरोपी वीस वर्षांचा, तिथलाच विद्यार्थी. तो गोऱ्यांच्या वर्चस्वाची भाषा बोलायचा म्हणून एका राजकीय चर्चेच्या ग्रुपने त्याला येऊ नकोस सांगितलं होतं, हे ओळखीच्या मुलांनी नंतर पत्रकारांना सांगितलं. आता बरेच जण या पोरांनाच बोल लावतात की तुम्ही गप्प का बसलात. मला नाही पटत. त्यांनी त्याला डोक्यावर घेतलं नाही, सरळ बाहेर काढलं, त्या वयाच्या मुलांनी अजून काय करायचं? नुसते वाईट विचार असणं हा अमेरिकेत गुन्हा नाही, आणि नसावाच, नाहीतर सरकारला न आवडणारा कुणीही उद्या आत जाईल.

पण डोक्यातल्या विषाने माणूस मरायला हातात काहीतरी लागतं, आणि ते घरातच होतं. पिस्तूल सावत्र आईचं, ती शेरीफच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक पोलिसप्रमुखाच्या, खात्यात, आधी ड्यूटीचं होतं मग तिचं स्वतःचं झालं, हे तिथल्या पोलिसांनीच सांगितलं. आता कायदा कुठे सुटतो ते बघा. लायसन्सवाल्या दुकानातून पिस्तूल घ्यायला फेडरल, म्हणजे अख्ख्या देशाला लागू असलेल्या, कायद्याने २१ पूर्ण लागतात. २०१८ ला फ्लोरिडातल्याच पार्कलंडच्या शाळेत १७ जण मारले गेले त्यानंतर फ्लोरिडाने रायफलसाठीही २१ केलं. म्हणजे हा पोरगा दुकानात गेला असता तर रिकाम्या हाताने परत आला असता. पण घरातली गन कुलपात ठेवा हा फ्लोरिडाचा कायदा फक्त १६ वर्षांखालच्या मुलांपुरता. मधली पाच वर्षं, जेव्हा पोरं सगळ्यात लवकर भडकतात, त्यांना दुकानाचं दार बंद आणि घरातलं कपाट उघडं! मला सगळ्यात जास्त राग याचा येतो, कारण बाकी सगळं अवघड आहे, माणसाचं मन बदलणं अवघड आहे, पण कपाटाला कुलूप लावणं अवघड नाही.

मिशिगनमधे ऑक्सफर्डच्या शाळेत २०२१ ला १५ वर्षांच्या मुलाने चार जणांना मारलं, तेव्हा त्याच्या आईवडिलांवरही सदोष मनुष्यवधाचा खटला चालला आणि २०२४ ला दोघांना १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. तो मुलगा अल्पवयीन होता म्हणून हे जमलं. विशीतल्या मुलाच्या बाबतीत घरच्यांपर्यंत कायद्याचा हात पोचणं फार कठीण. माझ्या मते पोचला पाहिजे, निदान ज्यांना हत्याराचं ट्रेनिंग मिळालंय त्यांच्यापर्यंत तरी.

प्रश्न: तिकडे असं चालू आहे तर मुलांनी स्वतःच गन घेतली तर? सगळ्यांकडे असली की कुणाची हिंमत होणार नाही.

उत्तर: स्टुडंट व्हिसावर असाल तर पहिल्यांदा हे डोक्यातून काढा. नॉनइमिग्रंट, म्हणजे स्टुडंट व्हिसासारख्या तात्पुरत्या, व्हिसावाल्यांना बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे, शिकारीच्या लायसन्ससारखे अपवाद आहेत पण त्याच्या भरवशावर राहून व्हिसा घालवू नका. मित्राची हातात घेऊन फोटो वगैरे तर अजिबात नको. आणि सगळ्यांकडे असली की हे म्हणाल तर युटामधे परमिटवाल्यांना कॅम्पसवर गन नेता येते, तिथेच युटा व्हॅली युनिव्हर्सिटीत १० सप्टेंबर २०२५ ला भाषणाला आलेले राजकीय कार्यकर्ते चार्ली कर्क सुमारे १३० मीटरवरच्या छतावरून झाडलेल्या रायफलच्या गोळीने गेले. खाली बसलेल्याच्या कमरेला पिस्तूल असून तो काय करणार होता?

प्रश्न: खरं सांगा, हे सगळं उजव्यांचं काम आहे की डाव्यांचं? आमच्या ग्रुपवर यावरून रोज भांडणं.

उत्तर: कर्क उजव्या बाजूचे मोठे नेते होते. त्यांच्या खुनाच्या तीनच महिने आधी, १४ जून २०२५ ला, मिनेसोटात डेमोक्रॅटिक पक्षाच्या आमदार आणि माजी स्पीकर मेलिसा हॉर्टमन आणि त्यांच्या नवऱ्याला घरात घुसून मारलं. यातल्या एकावर रडायचं आणि दुसऱ्यावर गप्प बसायचं हे ज्यांना जमतं त्यांच्याशी मी भांडत नाही, ग्रुप सोडते.

पण म्हणून विचारसरणीचं नावच घ्यायचं नाही असंही नको. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या एकोल पॉलिटेक्निक या इंजिनीअरिंग कॉलेजमधे ६ डिसेंबर १९८९ ला एका माणसाने वर्गातल्या मुलांना बाहेर काढलं आणि मुलींवर गोळ्या झाडल्या, त्या दिवशी चौदा बायका गेल्या, स्त्रीवाद्यांबद्दलचा द्वेष त्याने चिठ्ठीत लिहून ठेवला होता, तरी कित्येक वर्षं लोक म्हणत राहिले वेडा होता बिचारा. तिथल्या स्मारकाच्या पाटीवर हा स्त्रीवादविरोधी हल्ला होता असं यायला २०१९ उजाडलं, तीस वर्षं! आणि त्याने वापरलेल्या मॉडेलच्या रायफलवर कॅनडात बंदी आली २०२० मधे. दोन्हीला एवढा उशीर.

प्रश्न: ताई, मी तिकडे पीएचडी करतोय. लॅबमधला एक जण काही महिन्यांपासून बदललाय, त्यांना एकदा धडा शिकवायला हवा असं सारखं बोलतो, परवा गनचा फोटो दाखवला. मी परदेशी, तक्रार केली आणि काहीच नसलं तर त्याचं करियर जाईल, माझंही. काय करू?

उत्तर: सांग. मित्रा, मला माहितीय आपल्याला घरून काय शिकवून पाठवतात, खाली मान घालून डिग्री घे आणि कुणाच्या भानगडीत पडू नकोस, पण इथे ते चालणार नाही.

तुला कॅलिफोर्नियाचं सांगते. आयला व्हिस्टामधे २०१४ ला एका आईला मुलाचे व्हिडिओ बघून भीती वाटली, तिने कळवलं, ३० एप्रिलला पोलिस त्याच्या दारात गेले. तो नीट, गोड बोलला. पोलिसांनी व्हिडिओ बघितले नव्हते, त्याच्या नावावर गन आहेत का हेही तपासलं नाही, होत्या, तीन पिस्तुलं, कायदेशीर घेतलेली. २३ मे ला त्याने सहा विद्यार्थ्यांचा जीव घेतला. त्यानंतर तिथे कायदा झाला की घरचे लोक कोर्टातून काही काळ गन काढून घ्यायचा आदेश मागू शकतात, पुढे त्यात शिक्षक आणि सहकारीही आले. बऱ्याच राज्यांत असा कायदा आहे पण सारखा नाही, फ्लोरिडात असा अर्ज फक्त पोलिस करू शकतात, म्हणून तुझ्या राज्यात काय आहे ते बघ.

तुझ्या युनिव्हर्सिटीत थ्रेट असेसमेंट टीम, म्हणजे कुणापासून धोका आहे का हे तपासणारी टीम, आहे का शोध. व्हर्जिनिया टेकमधे २००७ ला ३२ जण गेले, त्यानंतर व्हर्जिनियाने सरकारी कॉलेजांना ती टीम सक्तीची केली, बाकी ठिकाणीही बरीच आहेत. नसेल तर कॅम्पस पोलिस, आणि धमकी आजउद्याची वाटली तर थेट ९११, तिथला इमर्जन्सी नंबर.

तो कुठल्या पक्षाचा आहे हे लिहू नकोस. काय बोलला ते त्याच्याच शब्दांत, तारीख, कोण कोण हजर होतं, आणि फोटो दाखवला हे पहिल्या ओळीत, आयला व्हिस्टात नेमकी गनचीच चौकशी राहून गेली होती. आज संध्याकाळच्या आत पाठव, आणि दोन दिवसांत कुणी परत बोललं नाही तर ऑफिसात स्वतः जाऊन विचार.