मधल्या फळीतला मुलगा विंगवर

प्रश्न : माझा मुलगा १३ वर्षांचा आहे. फुटबॉलमध्ये मधल्या फळीत खेळतो, ड्रिबलिंग (चेंडू पायाशी ठेवून चकवणं) उत्तम. नव्या कोचनी त्याला डाव्या विंगवर, म्हणजे कडेला टाकलंय. म्हणतात, ‘चेंडू गेला की हा मागे येत नाही, मध्ये परवडत नाही.’ मुलगा हिरमुसलाय. काय करावं?
– एक पालक, कोथरूड, पुणे

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मला सारखा गिओर्गी किंकलाझे आठवत होता. जॉर्जियातल्या तिबिलिसीचा हाही मधल्या फळीतलाच, मिडफिल्डर. पाय भक्कम व्हावेत म्हणून वडील त्याला लहानपणी घरात गुडघ्यांवर चालायला लावायचे, आई लोकनृत्य शिकायला न्यायची. १९९५मध्ये तो दिनामो तिबिलिसी क्लबकडून इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीत आला.

मार्च १९९६मधला साउदॅम्प्टनविरुद्धचा त्याचा गोल मुलाला जरूर दाखवा. एकेका बचावपटूला चकवत तो गोलकीपर बेझंटपाशी पोहोचतो आणि फटका मारतच नाही. हूल देतो, पुन्हा देतो. बेझंट खाली बसतो, मग चेंडू अलगद त्याच्या डोक्यावरून जाळ्यात!

तरीही त्याच मोसमात सिटी खालच्या श्रेणीत घसरली, १९९८मध्ये आणखी एक पायरी खाली. त्याच्याभोवती संघ बांधला म्हणून संघ बुडाला, असं म्हणणारे आहेत. मला ते अजिबात पटत नाही. तिथे मॅनेजरच टिकत नव्हते. पुढे तो नेदरलँड्सच्या आयाक्स क्लबला गेला. स्ट्रायकरच्या (सगळ्यात पुढे खेळणाऱ्या खेळाडूच्या) मागची त्याची हक्काची जागा तिथे लिटमानेन या खेळाडूची होती. याला डावीकडे खेळवलं आणि तो कोमेजला. दीडेक वर्षात इंग्लंडला परतला, डर्बी काउंटीकडे.

शिवाजीनगरला एसएसपीएमएस शाळेच्या मैदानावर मीही एका मुलाला असंच कडेला टाकलं होतं. का, ते त्याला सांगितलं नाही. महिन्याभरात तो यायचा बंद झाला. त्याची चुटपुट अजून आहे.

तुमच्या कोचची तक्रार मात्र खोटी नसावी. सराव संपल्यावर, मुलगा जवळ नसताना त्यांना भेटा. ‘मागे यायला शिकला तर सराव सामन्यात अर्धा तास मध्ये खेळवाल का?’ एवढंच विचारा. मुलाला एकच सवय लावा : चेंडू गमावला की हात कमरेवर न ठेवता पहिली पाच पावलं मागे पळायचं. तेराव्या वर्षी हे अंगवळणी पडतं. कोचनी होकार दिला तर मला जरूर कळवा.