परफ्यूमच्या माहितीत ‘झायलोपिया’ हे आफ्रिकी फळ लिहिलंय. ते नेमकं कसं असतं, आणि घरी त्याचं अत्तर करता येईल का?

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी अडीच वर्षं सेनेगलला, डाकारमध्ये होते. तिथे हे फळ जवळजवळ रोज नाकाखालून जायचं, म्हणून तुमचा प्रश्न बघितल्यावर राहवलं नाही.

झाडाचं पूर्ण नाव झायलोपिया इथिओपिका. नावात इथिओपिया असलं तरी त्याचा खरा वापर पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत. सेनेगलमध्ये वोलोफ भाषेत त्याला ‘जार’ म्हणतात, घानात ‘ह्वेंतिया’, नायजेरियात इग्बो लोक ‘उदा’ आणि हौसा ‘किंबा’. हे सीताफळ-रामफळाच्या कुळातलं झाड. आपला हिरवा चाफा त्याच कुळातला, आणि परफ्यूमवाले ज्याच्यावर जीव टाकतात ते इलांग-इलांगचं सुगंधी फूलही. पण फळ बघून सीताफळाची आठवण अजिबात होणार नाही. एका देठावर दोन-तीन पेरं लांबीच्या बारीक शेंगांचा झुपका असतो. वाळल्यावर त्या काळपट तपकिरी होतात आणि आतल्या प्रत्येक बीपाशी फुगलेल्या दिसतात. एका शेंगेत पाच ते आठ काळ्या, चकचकीत बिया.

आता वासाचं. मी पहिल्यांदा मसाला समजून बियाच चावल्या. कडू लागल्या, आणि वास असा काही नाहीच. बाजारातल्या मसालेवाल्या मावशींनी ते पाहून माझ्या हातातली शेंग घेतली, मोडली, बिया खाली झटकल्या आणि नुसतं साल माझ्या नाकाशी धरलं. आधी मिरीचा झणका, लगेच निलगिरीसारखा गारवा, मग जायफळाची ऊब, आणि सगळ्यांच्या मागे धूर. मला तिथल्या तिथे आईचं तिरफळ आठवलं. बांगड्याच्या आमटीत घालायच्या आधी ती तिरफळातली काळी बी काढून टाकते, कारण सगळा सुगंध सालीत. इथेही तेच गणित. दोन झाडांचं आपसात काही नातं नाही, तरी हे एक जमलंय.

धूर कुठून येतो? बऱ्याच ठिकाणी शेंगा धुरावर वाळवतात, म्हणून. आता तुमच्या परफ्यूमच्या बाटलीकडे येते. परफ्यूमसाठी शेंगांमधून वाफेने तेल काढतात. त्यात बीटा-पायनीन, सॅबिनीन, सिनिओल अशी हलकी, उडून जाणारी द्रव्यं भरपूर असतात. सिनिओल म्हणजे निलगिरीच्या तेलातलं मुख्य द्रव्य, वेलदोड्यातही असतं. सॅबिनीन मिरीत सापडतं. प्रमाण मात्र प्रदेशाप्रमाणे बदलतं. कडवटपणा आणणारी जड द्रव्यं वाफेबरोबर फारशी येत नाहीत. त्यामुळे फवारल्याबरोबर जो ताजा, मिऱ्याचा झोत येतो, त्यात झायलोपियाचा हात असू शकतो. तासाभराने अंगावर उरतं ते बहुतेक दुसरंच काही, लाकूड किंवा राळ.

तिथल्या लोकांची पद्धत वेगळी, आणि मला ती जास्त आवडते. कुटलेलं फळ शिया बटर (शिया झाडाच्या बियांचं घट्ट तेल) आणि खोबरेल तेलात मिसळून अंगाला लावतात. स्निग्धात वास धरून राहतो. आपल्याकडे तेलात फुलं मुरवतात तोच विचार.

सेनेगलमध्ये हा वास सगळ्यात जास्त भेटतो तो मात्र कॉफीत. ‘काफे तुबा’ म्हणतात तिला. कॉफीच्या बिया जारबरोबर भाजून कुटतात आणि गाळून, भरपूर साखर घालून देतात. नाव तुबा या शहरावरून, आणि तिचा संबंध मुरीद या सूफी मुस्लिम पंथाचे संस्थापक शेख अमादू बांबा यांच्याशी जोडतात. 1902 मध्ये गॅबॉनच्या हद्दपारीतून परतताना त्यांनी ती आणली असं तिथे मानतात. सकाळी गाडीवाला उंचावरून एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात ओतून फेस आणतो, तेव्हा अख्खी गल्ली घमघमते. मला विचाराल तर जगातलं कुठलंही परफ्यूम त्या गल्लीची बरोबरी करणार नाही.

नायजेरियात बाळंतिणीच्या तिखट सूपमध्ये उदा घालतात. आपल्याकडचे शेपा-ओवा आठवा. पण याच कारणाने एक सांगते: हे फळ पाळी आणण्यासाठीही पारंपरिक औषध म्हणून वापरतात, तेव्हा गरोदर असाल तर पोटात घेऊ नका आणि तेलही टाळा.

घरी अत्तर कराल का, तर वाफेने तेल काढायच्या भानगडीत पडू नका. मूठभर शेंगांतून हाती काही लागत नाही. सात-आठ शेंगा मोडा, बिया टाकून द्या, साल जाडसर कुटा आणि कोमट खोबरेल तेलात आठवडाभर झाकून ठेवा. मग गाळून मनगटावर थोडंसं लावून बघा. कातडी लाल झाली तर लगेच धुवा. विकतचं शुद्ध तेल कधीही थेट अंगाला लावू नका.

आपल्याकडे हे झाड लावत नाहीत, तेव्हा बाहेरूनच मागवावं लागेल. इंग्रजीत ‘ग्रेन्स ऑफ सेलीम’ नावाने शोधा. ‘ग्रेन्स ऑफ पॅराडाइज’ वेगळं, ते आल्याच्या कुळातलं. ऑनलाइन दोघांची सर्रास गल्लत होते. आणि अख्ख्या शेंगाच मागवा. कुटलेल्या पुडीतला वास घरी पोचेपर्यंत निम्मा उडून गेलेला असतो.