वाकडा अमोनाइट म्हणजे आजारीच असं नाही

फोटो बघितला तुझा. वाकडा आहे म्हणजे हा अमोनाइट (वेटोळ्या कवचाचा, आता नामशेष झालेला समुद्री प्राणी; तुझ्याकडे त्याचा जीवाश्म आहे) आजारी होता का, असं विचारलंस. इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या किनाऱ्यावरचा डॅक्टिलिओसेरस ना, अमोनाइटचाच एक प्रकार, जवळपास 18 कोटी वर्षं जुना. नुसता चेपलेला असेल तर ते बहुतेक गाळाच्या वजनाने, मेल्यानंतरचं. खरी जखम बघायची तर भिंग घे, टॉर्च आडवा धर आणि कवचावरचे कंगोरे नीट बघत जा. एका जागी तुटून पुढे परत सरळ सुरू झाले तर फक्त कवच फुटलेलं, खेकड्याबिकड्याने फोडलं असेल, प्राण्याने ते आतून बुजवलं. पण तिथून पुढे चरा तसाच वेटोळ्याभर गेला असेल तर कवच बनवणाऱ्या मांसल पडद्याची कडाच दुखावलेली, आणि तरी तो जगला, वाढला, मला हे दर वेळी थक्क करतं रे! अ‍ॅसिड मात्र लावू नकोस, खुणाच जातील.