शुगर नाही, मग एवढी तहान?

मे महिन्यातली दुपार. चोवीस वर्षांचा मुलगा दोन लिटरची बाटली मांडीवर घेऊन समोर बसलेला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) पाऊण तासात बाटली रिकामी झाली, बाथरूमच्या तीन फेऱ्याही. आई म्हणाली, "मॅडम, शुगर तीनदा तपासली, नाहीच निघाली. मग हा एवढं पाणी काहून पेते? डोक्यातलं काही असन तं पाहा न." वडिलांनी आपल्यापुरता उपाय केला होता : रात्री दहानंतर पाणी बंद.

नागपूरच्या मे महिन्यात तहानेचं कोणाला काय नवल! पण हा रात्री चार-पाचदा लघवीला उठत होता, पुन्हा गार पाणी पीत होता. नुसत्या सवयीनं पाणी पिणारा बहुधा रात्रभर झोपतो. शिवाय तीन महिन्यांपूर्वी गाडीवरून पडून डोक्याला मार बसला होता, हे आईनं निघता निघता सांगितलं. वडिलांना म्हटलं, पाणी आजपासून सुरू करा. आणि एंडोक्रायनॉलॉजिस्टसाठी, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरांसाठी, चिठ्ठी दिली.

दिवसाची लघवी भरली नऊ लिटर. डायबेटिस इन्सिपिडस. नावात डायबेटिस आहे, पण साखरेशी संबंध नाही. या गोंधळामुळेच 2022 मध्ये डॉक्टरांच्या संघटनांनी नवं नाव सुचवलं. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि जवळजवळ सगळा परत घेतात. शेवटच्या टप्प्यात किती पाणी राखायचं, हा निरोप मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक आणतं. याच्या डोक्याला मार लागला आणि तो निरोपच थांबला. पाणी वाहून जात होतं म्हणून तो पीत होता. अशा माणसाचं पाणी तोडलं तर रक्तातलं सोडियम चढतं. गुंगी येते, झटकेही येऊ शकतात. पाणी रोखून करायची तपासणी असते, पण ती दवाखान्यात, वजन आणि सोडियम मोजत.

व्हॅसोप्रेसिनचं काम करणाऱ्या डेस्मोप्रेसिनच्या गोळ्यांनी लघवी आवरली. माझं काम खरं तिथून सुरू झालं, कारण औषध चालू असताना जुन्या सवयीनं घटाघटा पाणी पीत राहिलं तर सोडियम उतरतं, तेही तितकंच वाईट. बाटली घरी ठेवून तहान लागेपर्यंत थांबायला त्याला दीड महिना लागला.

परवा आईनं विचारलं, "म्हणजे संत्रा बर्फी चालते न याले?"

चालते.