अवयव हाती नसताना संख्या संयुक्त कशी ठरते?

प्रश्न : 2⁶⁷ − 1 ही संख्या संयुक्त असल्याचे फ्रेंच गणिती एद्वार ल्युका यांनी 1876 मध्ये सिद्ध केले, पण तिचे अवयव मिळायला 1903 साल उजाडले, असे माझ्या मुलीने वाचून दाखवले. आमच्या कुळागरात 91 पोफळी तेरा-तेराच्या सात ओळींत उभ्या आहेत, म्हणून 91 संयुक्त, एवढे मला कळते. ओळी लावून दाखवता येत नसताना त्या लागतील हे आधीच कसे सांगता येते?
— एक बागायतदार, फोंडा

उत्तर : आपल्या 91 पोफळींपासूनच सुरुवात करू. सतराव्या शतकात फ्रेंच गणिती फर्मा यांनी मूळ संख्यांचा एक गुण सांगितला : 2 सोडून कोणतीही मूळ संख्या घ्या, तिच्याहून एकाने कमी इतक्या घातांकाचा 2 चा घात काढा आणि त्याला त्या मूळ संख्येने भागा; बाकी नेहमी 1 उरते. आता 2¹² म्हणजे 4096, आणि 91 × 45 = 4095, म्हणून 2¹² ला 91 ने भागल्यावर बाकी 1 उरते. 2⁸⁴ हा 2¹² चाच सातवा घात असल्याने त्याचीही बाकी 1, आणि पुढचे 2⁶ गुणले की 2⁹⁰ ची बाकी 64 येते. 91 मूळ असती तर ती 1 यायला हवी होती. एवढ्यावरून 91 संयुक्त ठरली, आणि या हिशेबात 13 च्या ओळींचा आधार कुठेही घ्यावा लागला नाही.

ही कसोटी 2⁶⁷ − 1 ला मात्र लागू पडत नाही, आणि त्याचे कारण मला फार सुंदर वाटते. या संख्येला M म्हणू. 2⁶⁷ ला M ने भागल्यावर बाकी 1 उरते, हे उघड आहे. शिवाय M − 1 ला 67 ने नि:शेष भाग जातो, त्यामुळे संयुक्त असूनही M फर्मांच्या कसोटीत मूळ संख्येसारखीच 1 बाकी देते. म्हणूनच ल्युका यांना वेगळी वाट शोधावी लागली. त्यांच्या पद्धतीला अमेरिकी गणिती लेहमर यांनी पुढे जे सोपे रूप दिले ते असे : 4 पासून सुरुवात करावी, दर पायरीला संख्येचा वर्ग करून त्यातून 2 वजा करावेत आणि उरलेल्याला M ने भागून फक्त बाकी पुढे न्यावी. घातांक 67 असेल तर अशा 65 पायऱ्या होतात. शेवटी शून्य आले तर M मूळ, अन्यथा संयुक्त. 127 म्हणजे 2⁷ − 1 घेतल्यास 4, 14, 67, 42, 111, 0 अशी साखळी मिळते आणि 127 मूळ ठरते.

अवयव शोधणे हे याहून पुष्कळ जड काम आहे. M म्हणजे 147573952589676412927. भागून पाहायचे म्हटले तर वर्गमूळ सुमारे 1,214 कोटींपर्यंत जाते. M चा प्रत्येक मूळ अवयव 67 च्या दुपटीच्या, म्हणजे 134 च्या, पटीहून एकाने जास्त असतो, हे ठाऊक असल्याने चाळणी बरीच बारीक होते, तरीही संगणकाविना ते काम प्रचंडच होते. अमेरिकी गणिती फ्रँक नेल्सन कोल यांनी ऑक्टोबर 1903 मध्ये 193707721 × 761838257287 हा गुणाकार मांडला. यातील पहिल्या अवयवातून 1 वजा करून 134 ने भागल्यास बरोबर 1445580 येतात, हे आपल्याला घरच्या घरी पडताळता येईल.

अवयवांविना संयुक्त ठरणे ही गोष्ट आजही जुनी झालेली नाही. 2 चा घातांक 16777216 घेऊन त्या घातात 1 मिळवल्यावर येणारी 50,50,446 अंकी संख्या संयुक्त असल्याचे 1999 मध्ये सिद्ध झाले. तिचा एकही खरा अवयव अजून कोणाच्या हाती लागलेला नाही.

मुलीला 2¹¹ − 1, म्हणजे 2047, ही संख्या वहीत करायला द्यावी. पायऱ्या नऊच आहेत आणि साखळी 4, 14, 194, 788, 701, 119 अशी सुरू होते. शेवटी 1736 आले, म्हणजे शून्य आले नाही, की 2047 संयुक्त ठरली. तिचे 23 आणि 89 हे अवयव त्यानंतरच दाखवावेत.