रोल-प्लेइंग गेममध्ये सोबत्यांशी प्रेमप्रकरणाचे पर्याय खरोखर हवेत का?
हवेत, पण सोबत्याला, म्हणजे खेळाडूच्या पथकात असलेल्या गेममधल्या पात्राला, स्वतःचे मत असेल तरच. २००९ च्या ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’मध्ये भेटवस्तू देऊन सोबत्यांची मर्जी संपादन करता येते आणि हा हिशेबी प्रकार मला कधीच रुचला नाही, मात्र त्याच गेममध्ये, ज्याने रणांगणात राजाला वाऱ्यावर सोडले त्या लोगेनला आपण जीवदान देऊन पथकात घेतले, तर ॲलिस्टर हा सोबती, मग तो आपला प्रियकर का असेना, संतापून पथक सोडून जातो. माझ्या मते अशा नकारामुळेच ते पात्र जिवंत वाटते. पुढे २०११ च्या ‘ड्रॅगन एज २’ने मैत्रीच्या जोडीला प्रतिस्पर्धेचेही मोजमाप ठेवले, त्यामुळे सतत खटके उडणाऱ्या सोबत्याशीही प्रेम जुळू शकते, आणि प्रत्येक संवादात होला हो मिळवण्याची गरज उरत नाही. ही कल्पना मालिकेने पुढे सोडून दिली, हे मला आजही खटकते. २०२३ चा ‘बाल्डर्स गेट ३’ लेखनात सरस आहे, विशेषतः ॲस्टेरियन या सोबत्याच्या बाबतीत. तरीही तेथे पुन्हा सोबत्यांच्या पसंतीचे गुण (पॉइंट्स) जमवण्याकडेच खेळाडूचे लक्ष लागून राहते.