नजर अधू झाली की आभाळ?

प्रश्न : मुलं लहान असताना सुट्टीच्या आदल्या रात्री आम्ही चौघं गच्चीवर सतरंजी टाकून तारे बघायचो. कोणाला काय दिसलं ते मुलगी वेळेसकट वहीत लिहायची. परवा आवराआवरीत ती वही सापडली. त्यात एक नोंद आहे : 'ध्रुवमत्स्य अख्खा दिसला. दादाला सहाच तारे दिसले.' आता आम्ही दोघं निवृत्त. घर तेच, गच्ची तीच, सोबत नऊ वर्षांची नात. दिसतो तो ध्रुव आणि तेवढाच ठळक आणखी एक. तिसरा कधी आहे, कधी नाही. हे म्हणतात, दिव्यांनी आभाळ खाल्लं. मुलगी म्हणते, आई, आधी मोतीबिंदू तपासून घे. खरं कोणाचं? आणि मोठी दुर्बीण घेतली तर ते तारे परत दिसतील का?

उत्तर : तुमच्या वहीचा मला हेवा वाटला. वेळ लिहिलेली, आणि वर दादाला कमी दिसलं हेही लिहिलेलं! नोंद अशीच हवी.

ध्रुवमत्स्यात सात तारे : चार चौकोनाचे आणि ध्रुव धरून तीन शेपटीचे. ध्रुव आणि त्याच्या समोरच्या टोकाचा एक, हे दोघे दुसऱ्या प्रतीचे. (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाची पायरी; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद.) त्या टोकाच्या ताऱ्याच्या शेजारचा तिसऱ्या प्रतीचा. हाच तुमचा 'कधी आहे, कधी नाही'वाला. उरलेल्यांपैकी तीन चौथ्या प्रतीच्या आसपास आणि चौकोनाच्या कोपऱ्यातला एक जेमतेम पाचव्या प्रतीचा. दादाला जो दिसला नाही तो बहुधा हाच, तेव्हा त्या बिचाऱ्यावर आळ नको. म्हणजे तेव्हा तुमच्या गच्चीवरून पाचव्या प्रतीपर्यंत दिसत होतं, आज तिसऱ्याशीच अडतं. एका प्रतीला सुमारे अडीचपट फरक पडतो; दोन प्रती म्हणजे सहापटीहून थोडा जास्त.

आता यात डोळ्याचा वाटा किती? तरुणपणी अंधारात बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, साठीनंतर बऱ्याच जणांची पाचच्या पुढे जात नाही. क्षेत्रफळ निम्मं, म्हणजे आत येणारा प्रकाशही निम्मा. पण तो ताऱ्याचा निम्मा होतो तसा उजळलेल्या आभाळाचाही होतो, त्यामुळे सहापटीचा हिशेब एकट्या बाहुलीवर टाकता येत नाही. भिंग पिवळसर किंवा गढूळ झालं असेल तर गोष्ट वेगळी. व्याधासारख्या ठळक ताऱ्याला किंवा समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याला वलयं, फाटे दिसत असतील, तर मुलीचं ऐका आणि डॉक्टर गाठा.

यांच्या बाजूने सांगायचं, तर जगभरच्या लोकांनी २०११ ते २०२२ या काळात नुसत्या डोळ्यांनी केलेल्या नोंदी एकत्र करून २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आभाळाची उजळण वर्षाला सरासरी साडेनऊ टक्क्यांच्या आसपास वाढते आहे, असं त्यात निघालं. या चालीने आठ वर्षांच्या आतच दुप्पट होते. पांढऱ्या एलईडीमधला निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, हे त्यातलं एक कारण. हा अभ्यास ज्या नोंदींवर उभा आहे, त्या तुमच्या मुलीच्या नोंदींच्याच जातीच्या आहेत.

तरी तुमच्या घरचा निवाडा नातीच्या डोळ्यांनीच होईल. मे महिन्याच्या अखेरीस, चंद्र नसताना, रात्री दहाच्या सुमारास गच्चीवर जा. त्या वेळी ध्रुवमत्स्य ध्रुवाच्या वर उभा असतो. शेजारचा दिवा थेट डोळ्यांत येत असेल तर भिंतीच्या आडोशाला बसा. आभाळाची उजळण आपल्या हातात नसते, पण डोळ्यांवरची तिरीप नक्की चुकवता येते. दूरचा चष्मा लावा. अर्धा तास अंधारात थांबा. वय झालं की डोळे अंधाराला सरावायला जास्त वेळ घेतात. मोबाइल खाली घरात राहू दे. एकदा पडदा उजळला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मग नातीला बोट करून काही दाखवू नका. 'तो बघ तिथे' म्हटलं की मुलं आपल्याला बरं वाटावं म्हणून 'हो, दिसला' म्हणतात. तिच्या हातात कागद द्या, मंद तांबडा उजेड द्या आणि ध्रुवाभोवती दिसेल तेवढे ठिपके काढू दे. तुमचे ठिपके तुम्ही वेगळ्या कागदावर काढा, यांनी यांचे, आणि शेवटपर्यंत एकमेकांच्या कागदात डोकावायचं नाही. (नवरा-बायकोंनी हे पाळणं अवघड, म्हणून सांगतो.) तिला दिसले आणि तुम्हाला नाहीत ते बहुतेक डोळ्यांच्या खाती, कोणालाच दिसले नाहीत ते आभाळाच्या.

मोठी दुर्बीण सध्या नको. तिच्यातून आभाळाचा एवढासा तुकडा दिसतो आणि आजूबाजूचे ओळखीचे तारेच दिसत नसतील तर ती नेमकी वळवायची कुठे, हाच प्रश्न पडतो. शनीची कडी बघायची असेल तेव्हा जरूर घ्या. चंद्र आणि ठळक ग्रह यांचं दिव्यांच्या उजेडाने फारसं बिघडत नाही. तुम्हाला हवी ती दोन्ही डोळ्यांची, द्विनेत्री. तिच्यावर ७×५० लिहिलेलं असेल (सातपट मोठं दिसतं, पुढचं भिंग पन्नास मिलिमीटरचं) तर पन्नासला सातने भागा : डोळ्याकडे सात मिलिमीटर रुंद प्रकाशाची शलाका बाहेर पडणार आणि तुमची बाहुली पाच मिलिमीटरची, म्हणजे उरलेला प्रकाश वाया. ८×४० किंवा १०×५० मध्ये शलाका पाचचीच येते. हात थरथरत असतील तर ८×४०, आरामखुर्चीत पाठ टेकून, कोपरं खुर्चीच्या हातांवर टेकवून. आता नुसत्या धुरकट ठिपक्यासारख्या भासणाऱ्या कृत्तिका तिच्यातून सुट्या होतात. ध्रुवमत्स्याचा हरवलेला चौकोनही तिच्यातून शोधून बघा, आणि सापडला तर वहीत 'दुर्बिणीतून' असा शेरा न विसरता लिहा. जुन्या नोंदी नुसत्या डोळ्यांच्या आहेत.